जुना फ्लाइट सिम्युलेटर एक्स विंडोज १० आणि ११ वर: काय, कुठल्या क्रमाने आणि नेमकं कुठे अडतं

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे एफएसएक्स, हा कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम विंडोज १० वर चालतो, ११ वरही चालतो, आणि चांगला चालतो. ज्यांचा चालत नाही त्यांच्याकडे बहुतेक वेळा सिमचा दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. डिस्क टाकली, नेक्स्ट नेक्स्ट करत प्रोग्राम फाइल्समधे इन्स्टॉल केलं, एकदाही चालू न करता त्यावर सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणा) चढवले, लगेच दहा-बारा विमानं आणि सीनरी (विमानतळ, जमिनीची दृश्यं) टाकल्या, कुठूनतरी सेटिंगच्या वीस ओळी कॉपी केल्या आणि मग पहिल्यांदा सिम उघडला. आता तो पडला तर कशामुळे पडला हे कोणालाच सांगता येत नाही, मग सगळं काढायचं आणि पुन्हा तेच, त्याच क्रमाने.

म्हणून इथे एकच गोष्ट धरून चाललोय. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर सिम उघडायचा, पाच-दहा मिनिटं उडायचं, नीट बंद करायचा. वेळ जास्त लागतो हे मान्य, पण एक पूर्ण दिवस हाताशी ठेवून केलंत तर पुढे वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही.

एफएस २००४ (याच्या आधीचा फ्लाइट सिम्युलेटर) वाल्यांना आधीच सांगून टाकतो. त्याच्या मूळ सीडीवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण आहे आणि त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० मधे पहिल्यापासूनच नाही, जुन्या विंडोजवरही सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने तो बंद केला, कारण त्यात सुरक्षेचं भोक होतं. त्यामुळे इन्स्टॉल होतो पण चौथी सीडी टाकूनही उघडत नाही. नेटवरून तो ड्रायव्हर शोधून विंडोजची सुरक्षा ढिली करून बसवू नका, पूर्ण कॉम्प्युटर उघडा पडतो. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी सरळ एफएसएक्सकडे वळावं, पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे.

## आधीची तयारी

ही पायरी सगळे गाळतात आणि निम्म्या तक्रारी इथूनच निघतात.

पहिलं, तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघा. डिस्कवाला एफएसएक्स असेल तर स्टँडर्ड, डिलक्स की गोल्ड. गोल्डमधे डिलक्स आणि अ‍ॅक्सिलरेशन (एफएसएक्सचा वाढीव पॅक) दोन्ही असतात. अ‍ॅक्सिलरेशनची चावी (प्रॉडक्ट की) वेगळी असते, मूळ सिमची वेगळी, दोन्ही चाव्या डब्यावरून कागदावर उतरवून घ्या, आठ आणि बी, शून्य आणि ओ नीट बघून. दुसरा प्रकार म्हणजे डिसेंबर २०१४ मधे आलेली स्टीम एडिशन. तिच्यात सर्व्हिस पॅक २ आणि अ‍ॅक्सिलरेशन आधीच आत आहेत आणि अ‍ॅक्टिव्हेशनच्या चावीची भानगड नाही. दोन्ही असतील तर एकच निवडा. एकाच मशीनवर दोन्ही टाकता येतात, पण मग फोल्डर वेगवेगळ्या नावांचे होतात आणि अ‍ॅड-ऑनचे (बाहेरून टाकलेली विमानं, सीनरी वगैरेंचे) इन्स्टॉलर गोंधळतात.

दुसरं, जागा. मूळ सिमलाच १४ जीबी लागतात, वर अ‍ॅक्सिलरेशन, वर तुमच्या सीनरी. तीसेक जीबी मोकळी नसेल तर सुरूच करू नका. एसएसडीवर टाकलात तर लोडिंग बरंच कमी होतं.

तिसरं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नाचे अवशेष. याच मशीनवर एकदा टाकून काढला असेल तर अनइन्स्टॉल केल्यावरही त्याचे फोल्डर मागे राहतात आणि नवीन इन्स्टॉलेशन ती जुनी बिघडलेली सेटिंग तशीच उचलतं. म्हणजे तुम्ही तीनदा इन्स्टॉल केलंत तरी आजार तोच. काढताना उलट क्रमाने काढा, आधी अ‍ॅक्सिलरेशन किंवा सर्व्हिस पॅक २, मग सर्व्हिस पॅक १, मग मूळ सिम. त्यानंतर हे फोल्डर हाताने बघा:

- सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, आणि आत एफएसएक्स
- सी ड्राइव्ह, प्रोग्रामडेटा, मायक्रोसॉफ्ट, आणि आत एफएसएक्स
- डॉक्युमेंट्समधला फ्लाइट सिम्युलेटर एक्स फाइल्स

अ‍ॅपडेटा आणि प्रोग्रामडेटा लपवलेले असतात, फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून हिडन आयटम्स चालू केल्याशिवाय दिसणार नाहीत. तिसऱ्यात तुमची सेव्ह केलेली उड्डाणं असतात, ती दुसरीकडे कॉपी करून ठेवा आणि मगच उडवा.

चौथं, विंडोजमधले दोन जुने भाग. स्टार्टमधे टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ शोधा. यादीत डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ ला टिक करा, आणि लेगसी कंपोनंट्स उघडून त्यात डायरेक्टप्लेला टिक करा. पहिलं बऱ्याच जुन्या अ‍ॅड-ऑनना लागतं, दुसरं या पिढीतल्या सिमच्या मल्टिप्लेअरला. झालं की रीस्टार्ट करा, शट डाउन नाही. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केल्यावर सिस्टम पूर्ण नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टने होते. या लेखात जिथे जिथे रीस्टार्ट म्हटलंय तिथे खरंच रीस्टार्टच करा.

तपासा: संस्करण कोणतं ते माहीत, चाव्या कागदावर, जागा मोकळी, जुने फोल्डर गेलेले, दोन्ही टिक झालेल्या. यातलं एक जरी राहिलं असेल तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा १: कुठे इन्स्टॉल करायचं

एफएसएक्सचा इन्स्टॉलर आपणहून प्रोग्राम फाइल्समधला मायक्रोसॉफ्ट गेम्स फोल्डर सुचवतो. तिथे टाकू नका. सिम २००६ चा आहे, तेव्हा प्रोग्राम स्वतःच्या फोल्डरमधे बिनधास्त लिहायचे, आताचं विंडोज प्रोग्राम फाइल्समधे कोणालाही सहज लिहू देत नाही. आणि वाईट गोष्ट अशी की ते प्रत्येक वेळी एरर देतंच असं नाही, गुपचूप ती फाइल व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या वेगळ्याच फोल्डरमधे वळवतं. तुम्हाला वाटतं फाइल बदलली, सिम वाचतो दुसरी, अ‍ॅड-ऑन बघतो तिसरी. तासन् तास डोकं फोडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि शेवटी कारण एवढंच निघालं.

सी किंवा डी ड्राइव्हवर थेट एफएसएक्स नावाचा फोल्डर करा आणि इन्स्टॉलरमधे कस्टम निवडून तो दाखवा. नाव छोटं ठेवा, मधे स्पेस नको.

डिस्कवाल्यांनी ऑटोरनची खिडकी बंद करायची, डिस्क उघडून सेटअपच्या फाइलवर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करायचं. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह चालतो. इन्स्टॉल चालू असताना अँटिव्हायरसने मधेच फाइल अडवू नये म्हणून विंडोज सिक्युरिटीमधे हा एकच फोल्डर एक्स्क्लुजनमधे टाका. अख्खा अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही आणि करूही नका.

स्टीमवाल्यांनी दुसरा ड्राइव्ह असेल तर स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमधे त्यावर नवीन लायब्ररी करून तिथे टाकावा. एकच ड्राइव्ह असेल तर स्टीमच प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर असलेलं बरं.

सावधान: चुकून प्रोग्राम फाइल्समधे टाकलंय म्हणून तो फोल्डर उचलून दुसरीकडे नेऊ नका. सिमचा पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहिलेला असतो, फोल्डर हलवला की अ‍ॅड-ऑनच्या इन्स्टॉलरना तो सापडत नाही. काढा आणि पुन्हा टाका.

## टप्पा २: पहिल्यांदा उघडा, काहीही न टाकता

डिस्कवाला सिम इन्स्टॉल झाला की आधी रीस्टार्ट. मग सिम उघडा, चावी टाकून अ‍ॅक्टिव्हेट करा, डिफॉल्ट फ्लाइट लोड करा. फ्रायडे हार्बर विमानतळावर ट्राइक (छोटं उघडं विमान) उभी दिसेल. पहिल्या वेळी लोडिंगला फार वेळ लागतो, पट्टी एका जागी थांबल्यासारखी वाटते, घाई करून टास्क मॅनेजरमधून मारू नका, कारण याच वेळी सिम आपल्या सेटिंगच्या फाइली तयार करत असतो आणि अर्धवट तयार झालेली फाइल पुढे रोज त्रास देते. पाच मिनिटं उडा, मेनूतून एंड फ्लाइट करा, मेनूतूनच बाहेर पडा.

अ‍ॅक्टिव्हेशन अडलं तर आधी सिम अ‍ॅडमिन म्हणून उघडून परत प्रयत्न करा, खूपदा तेवढ्यानेच होतं. इंटरनेटने नाहीच झालं तर त्याच विझार्डमधे फोनचा पर्याय असतो. अ‍ॅक्टिव्हेट न करता पुढचे पॅक चढवायला जाऊ नका.

डीथ्रीडीएक्स९ ने सुरू होणारी एखादी फाइल मिसिंग आहे असा एरर आला तर घाबरू नका. एफएसएक्स डायरेक्टएक्स ९ वर चालतो. विंडोज १० आणि ११ मधे डायरेक्टएक्स १२ आहे, पण त्यात ९ च्या या सगळ्या मदतनीस फाइली नसतात. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम पॅकेज टाकलं की त्या येतात आणि तुमच्या डायरेक्टएक्स १२ ला काही होत नाही.

सावधान: एकेक डीएलएल फाइल देणाऱ्या साइटवरून कधीच काही घेऊ नका. चुकीची आवृत्ती मिळते किंवा त्याहून वाईट काहीतरी मिळतं. पूर्ण पॅकेज, तेही मूळ ठिकाणाहून, एवढंच.

आणि कंपॅटिबिलिटी मोड. जुना प्रोग्राम म्हटला की लोक सवयीने प्रॉपर्टीजमधे जाऊन विंडोज एक्सपीचा मोड लावतात. लावू नका. पूर्ण पॅच केलेला एफएसएक्स नवीन विंडोजवर सरळ चालतो आणि एक्सपी मोड लावल्यावर उलट नसलेले प्रॉब्लेम उभे राहतात. फक्त अ‍ॅडमिनची टिक ठेवली तर हरकत नाही.

## टप्पा ३: पॅच, आणि इथे क्रम सर्वात महत्त्वाचा

स्टीमवाल्यांनी हा टप्पा सोडा, तुमचं सगळं आत आहे. हाताने सर्व्हिस पॅक त्यावर टाकायचा प्रयत्नही करू नका.

डिस्कवाल्यांसाठी दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकत्र करायचे नाहीत.

पहिला रस्ता, अ‍ॅक्सिलरेशन नाहीये: मूळ सिम, उघडा आणि बंद करा, रीस्टार्ट. मग सर्व्हिस पॅक १, पुन्हा उघडा आणि बंद करा, रीस्टार्ट. मग सर्व्हिस पॅक २, पुन्हा तेच. सर्व्हिस पॅक २ ला खाली १ असावाच लागतो, थेट २ चढत नाही. पॅक तुमच्या सिमच्या भाषेचाच घ्या.

दुसरा रस्ता, अ‍ॅक्सिलरेशन आहे: मूळ सिम, उघडा आणि बंद करा, रीस्टार्ट, आणि थेट अ‍ॅक्सिलरेशन. त्यात दोन्ही सर्व्हिस पॅकची कामं झालेली आहेत. अ‍ॅक्सिलरेशन टाकून झाल्यावर वरून सर्व्हिस पॅक २ टाकायला जाणारे खूप भेटतात, आणखी नवीन असेल या समजुतीने. ते करायचं नसतं.

मधे मधे सिम उघडून बंद करायला का सांगतोय? कारण प्रत्येक पॅकनंतरच्या पहिल्या सुरुवातीला सिम आपल्या फाइली त्या आवृत्तीप्रमाणे पुन्हा बसवतो. आणि दुसरं म्हणजे नंतर पडला तर कुठल्या पायरीनंतर पडला ते तुम्हाला माहीत असतं.

तपासा: हेल्प मेनूत अबाउट उघडा आणि आवृत्तीचा नंबर वाचा. शेवटचे आकडे बघायचे. ६०९०५ म्हणजे मूळ, काहीच चढलेलं नाही. ६१३५५ म्हणजे सर्व्हिस पॅक १. ६१४७२ म्हणजे सर्व्हिस पॅक २. ६१६३७ म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन. इन्स्टॉलर पूर्ण झाला असं म्हणाला म्हणजे चढलाच असं नाही, मी नेहमी हा नंबर बघूनच पुढे जातो.

## टप्पा ४: सिमकनेक्ट

बाहेरचे प्रोग्राम, म्हणजे हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), ट्रॅफिक, किंवा मोठ्या विमानांच्या आतल्या सिस्टम, सिमकनेक्टमधून सिमशी बोलतात. त्याच्या तीन आवृत्त्या आहेत, मूळ सिमची, सर्व्हिस पॅक १ ची आणि २ ची, आणि प्रत्येक अ‍ॅड-ऑन आपापली मागतो. डिस्कवाल्यांकडे त्या पॅकसोबत येतात, म्हणून वरचा क्रम पाळायचा. स्टीमवाल्यांकडे जुन्या आवृत्त्या आपोआप बसत नाहीत आणि मग जुना अ‍ॅड-ऑन सिम सापडत नाही म्हणतो, तर लोक त्या अ‍ॅड-ऑनवाल्यालाच दोष देतात.

उपाय तुमच्याच फोल्डरमधे आहे. स्टीमच्या एफएसएक्स फोल्डरात एसडीके, त्यात कोअर युटिलिटीज किट, त्यात सिमकनेक्ट एसडीके, त्यात लेगसीइंटरफेसेस. आत तीन फोल्डर, प्रत्येकात एक सिमकनेक्टचा इन्स्टॉलर. तिन्ही चालवा. खिडकी उघडते, क्षणात बंद होते, काही झालंय असं वाटतही नाही, पण झालेलं असतं. रीस्टार्ट करा.

## टप्पा ५: स्क्रीन, ग्राफिक्स कार्ड, जॉयस्टिक

बऱ्याच लॅपटॉपमधे दोन ग्राफिक्स असतात आणि विंडोज जुन्या सिमला कमजोर ग्राफिक्स देऊन मोकळं होतं. सेटिंग्जमधे सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन सिमची मुख्य फाइल जोडा आणि हाय परफॉर्मन्स निवडा.

मोठ्या रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर मेनू आणि डायलॉग धूसर किंवा वेडेवाकडे दिसले तर मुख्य फाइलच्या प्रॉपर्टीजमधे कंपॅटिबिलिटी टॅब, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि खालच्या ओव्हरराइडला टिक करून अ‍ॅप्लिकेशन निवडा. त्या टॅबवरचं बाकी काही छेडू नका.

फुल स्क्रीनमधून दुसऱ्या खिडकीत जाऊन परत आल्यावर काळी स्क्रीन येत असेल तर ऑल्ट आणि एंटर दाबून खिडकीच्या मोडमधे चालवा. दिसायला थोडं कमी, पण पडत नाही. मी तर आता कायम तसाच चालवतो.

डीएक्स१० प्रिव्ह्यूची टिक काढलेलीच ठेवा. नाव आकर्षक आहे, पण ते अपुरं राहिलेलं काम आहे, बऱ्याच सीनरीचे टेक्स्चर (पृष्ठभागावरची चित्रं) त्यात बिघडतात.

जॉयस्टिकबद्दल दोन गोष्टी. विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं, उड्डाणात मधेच जॉयस्टिक मेल्यासारखी होते. डिव्हाइस मॅनेजरमधे प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर कॉम्प्युटरला हे डिव्हाइस बंद करू द्या अशा अर्थाची टिक असते, ती काढा. दुसरं, एकाहून जास्त कंट्रोलर असतील, म्हणजे योक, पेडल, थ्रॉटल वेगवेगळे, तर एफएसएक्स प्रत्येकाला आपणहून अ‍ॅक्सिस (कुठल्या हालचालीने काय वळायचं ते) वाटून देतो आणि एकच रडर दोन ठिकाणी जोडलेला राहतो. विमान स्वतःहून एका बाजूला ओढतंय ही तक्रार बहुतेक यामुळेच. कंट्रोल्समधे जाऊन प्रत्येक डिव्हाइस एकेक निवडा आणि नको ते अ‍ॅक्सिस डिलीट करा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण उजवीकडे, नल झोन (मधली निष्क्रिय जागा) पूर्ण डावीकडे, इथून सुरुवात करा, हात थरथरतोय असं वाटलं तर नल झोन थोडा वाढवा. आणि सिम चालू असताना जॉयस्टिकची वायर काढू-घालू नका.

## टप्पा ६: सिमच्या आतली सेटिंग

नवीन मशीन आहे म्हणून सगळे स्लायडर उजवीकडे टाकणं ही सर्वात सामान्य चूक. एफएसएक्स ३२ बिटचा प्रोग्राम आहे. ६४ बिट विंडोजवर त्याला जास्तीत जास्त ४ जीबी मेमरी वापरता येते, मग तुमच्याकडे १६ असो की ६४. ती भरली की आउट ऑफ मेमरी आणि सिम बंद, नेमकं लांबच्या उड्डाणात उतरायच्या वेळी. शिवाय याचं मुख्य ओझं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं, महागड्या ग्राफिक्स कार्डने त्यात फार फरक पडत नाही.

सुरुवातीला असं ठेवा. टार्गेट फ्रेम रेट ३०, अनलिमिटेड नको, कारण अनलिमिटेड ठेवलं की सिम सगळी ताकद फ्रेम काढण्यात घालवतो आणि खालच्या जमिनीचे टेक्स्चर धूसर राहतात. लाइट ब्लूम बंद. जमिनीवरच्या सावल्या बंद. ऑटोजेन (सिमने आपोआप उभी केलेली घरं-झाडं) नॉर्मल. पाणी मधल्या पातळीवर. रस्त्यावरच्या गाड्या शून्य किंवा अगदी कमी, त्या छोट्या गाड्या किती फ्रेम खातात याचा अंदाजच येत नाही. विमानांची ट्रॅफिक २० टक्क्यांच्या आसपास.

आता सिएटलच्या मोठ्या विमानतळावर सिमचंच बोइंग ७३७-८०० घेऊन उभे राहा, दुपारची वेळ, थोडे ढग. शिफ्ट आणि झेड दोनेकदा दाबलं की वर फ्रेम रेट दिसतो. इथे सुरळीत चाललं तर एकेक स्लायडर एकेक पायरी वाढवत जा आणि प्रत्येक वेळी याच जागी, याच विमानात, याच हवामानात बघा. वेगवेगळ्या ठिकाणी तपासलं तर तुलना होत नाही.

## टप्पा ७: सीएफजी फाइल, आणि तीही जपून

सेटिंगची मुख्य फाइल, म्हणजे सीएफजी, रोमिंगमधल्या एफएसएक्स फोल्डरात असते. हात लावण्याआधी तिची कॉपी करा आणि नावात तारीख टाका. सिम बंद असतानाच उघडा, नाहीतर बंद होताना सिम तुमचे बदल पुसून टाकतो.

डिस्कवाल्यांनी ग्राफिक्स या विभागात हायमेमफिक्स बरोबर १ (HIGHMEMFIX=1) ही ओळ टाकावी, इंग्रजी मोठ्या अक्षरात, मधे जागा न सोडता. कॉकपिट काळं पडणं, विमानाचे भाग गायब होणं हे याने थांबतं. टेक्स्चरची कमाल मर्यादा १०२४ असते, ती चांगल्या विमानांसाठी २०४८ किंवा ४०९६ करतात. पण लक्षात ठेवा, सिमच्या आत डिस्प्ले सेटिंग बदलली की ही संख्या परत १०२४ होते. आधी आतली सगळी सेटिंग पक्की करा, ही ओळ सर्वात शेवटी.

बाकी बफरपूल, अ‍ॅफिनिटी मास्क आणि असल्या पन्नास ओळी आहेत. त्या बऱ्याचशा पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरसाठी शोधलेल्या आहेत. तुमचा सिम नीट चालत असेल तर त्यांना हात लावायचं कारण नाही.

तपासा: फाइल बिघडली अशी शंका आली तर तिचं नाव बदला आणि सिम उघडा. तो नवीन कोरी फाइल स्वतः बनवतो. तसं केल्यावर प्रॉब्लेम गेला तर दोष तुमच्या जुन्या ओळींमधे होता. कोऱ्या फाइलनंतर अ‍ॅड-ऑनच्या गेजसाठी (कॉकपिटमधल्या यंत्रांसाठी) परवानगीच्या खिडक्या पुन्हा येतील, त्यांना होकार द्या, नको म्हटलंत तर कॉकपिटमधली यंत्रं रिकामी दिसतात.

## टप्पा ८: अ‍ॅड-ऑन

एक टाका, उघडा, उडा, बंद करा, मग दुसरा. इन्स्टॉलर अ‍ॅडमिन म्हणून चालवा आणि त्याने दाखवलेला सिमचा पत्ता नीट वाचा, तो कधी कधी अजून जुन्या प्रोग्राम फाइल्सचाच असतो. एफएस २००४ साठी बनलेलं विमान एफएसएक्समधे टाकलंत तर कधी चालतं, कधी त्याच्या गेजमुळे सिम पडतो, अशी विमानं शेवटी आणि एकेकटी.

सीनरी लायब्ररीत एक जुना अडथळा आहे ज्यात सगळे अडकतात. अ‍ॅड एरियामधे फोल्डर निवडून ओके दाबलं की तो जोडत नाही, फक्त आत शिरतो, आणि परत ओके दाबलं तरी काही होत नाही. करायचं असं: ज्या फोल्डरच्या आत सीनरी नावाचा फोल्डर आहे त्या बाहेरच्या फोल्डरवर डबल क्लिक करून आत जा, सीनरीवर क्लिक करू नका, आणि त्या खिडकीतल्या रिकाम्या पांढऱ्या भागात एकदा क्लिक करा. जोडलं जातं. मग ओके करून बाहेर पडा म्हणजे यादी नव्याने बांधली जाते.

उड्डाण सेव्ह होत नाही असं दिसलं तर विंडोज सिक्युरिटीमधे रॅन्समवेअर प्रोटेक्शन बघा. कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू असेल तर सिमला डॉक्युमेंट्समधे लिहिता येत नाही. ते पूर्ण बंद करण्यापेक्षा सिमच्या मुख्य फाइलला परवानगी द्या.

## पडलाच तर

अंदाज बांधत बसू नका, विंडोजला विचारा. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशन. क्रॅशच्या वेळेची लाल नोंद उघडा आणि फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव वाचा. टेरेन किंवा जी३डी असेल तर बहुतेक वेळा नुकतीच टाकलेली सीनरी किंवा एखादं मॉडेल. यूआयऑटोमेशनकोअर असेल तर मेनू आणि राइट क्लिक वारंवार वापरल्याने पडतोय, उड्डाणात मेनूऐवजी कीबोर्डचे शॉर्टकट वापरा. एखाद्या अ‍ॅड-ऑनचं स्वतःचंच नाव असेल तर मग प्रश्नच मिटला. एनटीडीएलएल दिसलं तर त्याचा फारसा अर्थ लावता येत नाही, शेवटचा टाकलेला अ‍ॅड-ऑन काढून बघा, आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला असेल तर तो मूळ वेगावर आणा.

सिम फक्त उड्डाण संपवताना पडत असेल तर डॉक्युमेंट्समधल्या फ्लाइट सिम्युलेटर एक्स फाइल्सच्या फोल्डरात लॉगबुकची फाइल असते, ती बिघडलेली असते. दुसरीकडे हलवा, सिम नवीन बनवतो. तास जातात, पण सिम वाचतो. सुरू होतानाच पडत असेल तर रोमिंगमधली डीएलएल डॉट एक्सएमएल बघा, सुरुवातीला कोणते अ‍ॅड-ऑन लोड करायचे ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिचं नाव तात्पुरतं बदला, सिम उघडला तर दोषी त्या यादीतच आहे.

विंडोजचा मोठा अपडेट आला आणि दुसऱ्या दिवशी सिम बिघडला तर लगेच पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. आधी बघा डायरेक्टप्ले आणि डॉटनेट ३.५ च्या टिका जागेवर आहेत का, ग्राफिक्समधलं हाय परफॉर्मन्स टिकलंय का, यूएसबीची वीज बचत परत चालू झाली का, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला का. हे चार बघून झाल्यावर तारीख टाकून ठेवलेली सीएफजी परत लावा आणि सिएटलला तेच ७३७ घेऊन उभे राहा.